मेंदूतील हायडॅटिड गाठ : एक दुर्मीळ रोग आणि गावाची जबाबदारी



ग्रामीण आरोग्याचा विचार करताना हिवताप, क्षय, अतिसार यांसारखे रोग प्रथम डोळ्यांपुढे येतात आणि ते स्वाभाविकही आहे. त्यांचे रुग्ण पुष्कळ असतात, त्यांच्यासाठी कार्यक्रम आखलेले असतात, दरमहा तक्ते भरले जातात. परंतु काही रोगांचे रुग्ण क्वचितच आढळतात आणि त्यामुळेच त्यांच्या उगमाकडे कोणाचे लक्ष जात नाही. मेंदूत होणारी हायडॅटिड गाठ हा असाच एक रोग होय. तो उघडकीस येतो शहरातील मोठ्या रुग्णालयात. त्याचा उगम मात्र गावाबाहेर टाकलेल्या मेलेल्या जनावरापाशी, मटणाच्या दुकानामागील उकिरड्यापाशी आणि दारात बसलेल्या कुत्र्यापाशी असतो. या दोन टोकांमधील दुवा समजून घेतला, तर प्रतिबंधाचे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातले आहे हे ध्यानात येईल.

जंताचे जीवनचक्र

हायडॅटिड या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पाण्याचा थेंब किंवा पाण्याने भरलेला फुगा असा आहे. हा रोग ज्या जंतामुळे होतो त्याचे शास्त्रीय नाव एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. तो पट्टकृमींच्या वर्गातला आहे. या वर्गातील इतर काही जंत कित्येक मीटर लांब वाढतात. हा मात्र अवघा तीन ते सहा मिलिमीटर लांबीचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहूनही लहान असतो. कुत्र्याच्या लहान आतड्यात तो हजारोंच्या संख्येने राहू शकतो. विशेष म्हणजे कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. कुत्रा धडधाकट दिसतो, राखण करतो, मुलांशी खेळतो. त्यामुळे मालकाला कसलाही संशय येत नाही.

या जंताची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती इतकी सूक्ष्म असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. गवतावर, भाजीच्या वाफ्यात, पाणवठ्याच्या काठावर ती पसरतात आणि कुत्र्याच्या अंगावरील केसांनाही चिकटून राहतात. थंड व ओलसर जागी ती महिनोन्महिने जिवंत राहतात. कडक ऊन आणि कोरडेपणा यांनी ती मरतात. सर्वसाधारण जंतुनाशक द्रवांचा मात्र त्यांच्यावर परिणाम होत नाही.

चरताना ही अंडी मेंढी, शेळी, गाय, बैल, म्हैस यांच्या पोटात जातात. तेथे अंड्यातून बाहेर पडलेली अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते आणि यकृतात किंवा फुप्फुसात स्थिरावते. तिच्याभोवती पाण्याने भरलेली एक पुटी तयार होते. पुटीच्या आतल्या अस्तरावर नव्या जंतांची असंख्य सूक्ष्म डोकी तयार होतात. ती पाण्यात तळाशी साचतात तेव्हा बारीक वाळूसारखी दिसतात, म्हणून डॉक्टर तिला हायडॅटिड वाळू म्हणतात. जनावर कापल्यावर किंवा मेल्यावर हे यकृत वा फुप्फुस कच्चेच कुत्र्याच्या पोटात गेले, की त्या प्रत्येक डोक्यापासून एक जंत तयार होऊ शकतो. साधारण सहा ते सात आठवड्यांत ते जंत अंडी देऊ लागतात आणि चक्र पूर्ण होते.

मनुष्य या चक्रात केवळ अपघाताने सापडतो. न धुतलेली भाजी, दूषित पाणी किंवा कुत्र्याला कुरवाळून तसाच तोंडात गेलेला हात, यांपैकी कोणत्याही वाटेने अंडी त्याच्या पोटात जातात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हा रोग मांस खाल्ल्याने होतो अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. पुटी असलेले काळीज माणसाच्या खाण्यात आले, तरी त्यामुळे त्याला हायडॅटिड होत नाही. तेच काळीज कुत्र्याने खाल्ले तर कुत्र्याला जंत होतात. माणसाला रोग होतो तो कुत्र्याच्या विष्ठेतील अंड्यांमुळे. म्हणून शुद्ध शाकाहारी कुटुंबातील मुलालाही हा रोग होऊ शकतो. तसेच हा रोग एका माणसापासून दुसऱ्या माणसाला होत नाही. रुग्णाला वेगळे बसवण्याचे किंवा शाळेतून घरी ठेवण्याचे काहीच कारण नाही.

मेंदूपर्यंतचा मार्ग

माणसाच्या आतड्यातून निघालेली अळी रक्ताबरोबर प्रथम यकृतात जाते. यकृत ही जणू पहिली गाळणी होय. सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये पुटी यकृतातच आढळते. तेथून निसटलेली अळी फुप्फुसात अडकते. ही दुसरी गाळणी. सुमारे २० टक्के पुट्या येथे सापडतात. या दोन्ही गाळण्यांतून सुटून हृदयाच्या डाव्या बाजूला पोचलेली एखादीच अळी मानेतील रोहिणीवाटे मेंदूत जाते. म्हणूनच मेंदूतील हायडॅटिडचे प्रमाण एकूण रुग्णांच्या सुमारे एक ते दोन टक्के इतके अल्प असते. पण या अल्पसंख्य रुग्णांत निम्म्याहून अधिक मुले असतात, ही गोष्ट विसरता येणार नाही.

मेंदूत सामान्यतः एकच गोल पुटी असते. बहुधा ती मोठ्या मेंदूच्या वरच्या व बाजूच्या भागात आढळते. ती सावकाश वाढते आणि भोवतालचा मेंदू दाबला जात असूनही बराच काळ तक्रार करीत नाही. लहान मुलांच्या कवटीची हाडे पूर्ण जुळलेली नसल्याने कवटीही थोडी सैल होते. त्यामुळे लक्षणे दिसू लागतात तोवर पुटी कधीकधी संत्र्याएवढी किंवा त्याहूनही मोठी झालेली असते. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, मळमळ नसतानाही उलटी होणे, नजर अंधूक होणे, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर पडणे, चालताना तोल जाणे, फेफरे येणे ही त्याची लक्षणे होत. डोळ्याच्या आतील पडद्याची तपासणी केल्यास मेंदूवरील दाबाची खूण तेथे दिसते. वेळीच उपचार झाला नाही तर दृष्टी कायमची जाऊ शकते आणि जिवालाही धोका असतो.

ही लक्षणे इतर अनेक विकारांतही दिसतात. १९७० नंतर सी. टी. स्कॅन यंत्र वापरात आले आणि निदान पुष्कळ सोपे झाले. स्कॅनच्या चित्रात हायडॅटिड पुटी रेखीव कडेची, गोल आणि पाण्यासारखी काळी दिसते. तिच्या भोवतालच्या मेंदूला सहसा सूज नसते. कर्करोगाची किंवा पुवाची गाठ अशी दिसत नाही. रक्ताच्या चाचणीचा आधार घेता येतो. परंतु मेंदूतच पुटी असल्यास ती चाचणी नकारार्थी येऊ शकते, म्हणून तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

शस्त्रक्रियेचे कौशल्य

मेंदूतील पुटीवर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार होय. या शस्त्रक्रियेत एक पथ्य फार कसोशीने पाळावे लागते : पुटी न फुटता अखंड बाहेर आली पाहिजे. ती फुटली तर आतील पाण्यामुळे रुग्णाला तीव्र प्रतिक्रिया येऊन त्याचा रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. शिवाय पाण्यातील प्रत्येक सूक्ष्म डोक्यापासून नवी पुटी होण्याची शक्यता असते. म्हणजे एका गाठीच्या जागी पुढे अनेक गाठी होण्याची भीती. याच कारणाने मेंदूतील पुटीत सुई घालून पाणी काढण्याचा मार्ग टाळला जातो.

यकृतातील पुटीभोवती शरीर जाड आवरण तयार करते. मेंदूत हे आवरण फारच पातळ असते, त्यामुळे पुटी नाजूक राहते. पण ती मेंदूला घट्ट चिकटलेलीही नसते. या गोष्टीचा उपयोग करून अर्जेंटिनातील शल्यविशारद डाउलिंग यांनी १९२९ मध्ये एक पद्धत मांडली. अर्जेंटिना हा मेंढपाळांचा देश असल्याने तेथे हे रुग्ण पुष्कळ येत. कवटीचे हाड पुरेसे मोठे उघडून, पुटी आणि मेंदू यांच्या मधल्या जागेत मऊ नळीने कोमट खारे पाणी हळूहळू सोडतात. पाण्याच्या दाबाने पुटी सुटी होते. शस्त्रक्रियेच्या मेजाची डोक्याकडील बाजू खाली केली की स्वतःच्या वजनाने ती अलगद खालच्या पात्रात उतरते. या कामात चिमटा किंवा ओढाओढ चालत नाही. पुढे ऑर्लांडो यांनी तीत सुधारणा केल्या आणि आजही जगभर हीच पद्धत दोघांच्या नावांनी ओळखली जाते. पुटी अखंड निघालेल्या मुलांपैकी बहुतेक मुले बरी होऊन पुन्हा शाळेत जाऊ लागतात.

शस्त्रक्रियेच्या जोडीला अल्बेंडॅझोल हे औषध तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दीर्घकाळ दिले जाते. शिक्षकांना हे नाव परिचित आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून हीच गोळी दिली जाते. परंतु ती एक मात्रा पोटातील सामान्य जंतांसाठी असते. तिच्यामुळे हायडॅटिड टळतो किंवा बरा होतो असे समजणे चुकीचे ठरेल.

मेंदूतील जंत म्हटले की अनेकांना डुकराच्या पट्टकृमीमुळे होणारा विकार आठवतो. तो वेगळा आहे. त्यात मेंदूत बहुधा लहान लहान गाठी होतात, तो आपल्या देशात दुर्मीळ नाही आणि फेफऱ्याचे ते एक महत्त्वाचे कारण आहे. तो रोग पसरतो माणसाच्या विष्ठेतील अंड्यांमुळे. म्हणून त्यावरचा उपाय शौचालय. हायडॅटिड पसरतो कुत्र्याच्या विष्ठेमुळे. म्हणून त्यावरचा उपाय कुत्रे आणि मेलेले जनावर यांच्या व्यवस्थेत शोधावा लागतो.

तीन बेटांचा अनुभव

श्रोतेहो, हा रोग हटवता येतो, हे काही देशांनी दाखवून दिले आहे. एकोणिसाव्या शतकात आइसलंड हा हायडॅटिडने अतिशय ग्रासलेला देश होता. १८६३ मध्ये डेन्मार्कचे शास्त्रज्ञ हॅराल्ड क्राबे तेथे गेले. त्यांनी शंभर कुत्र्यांचे विच्छेदन केले, तेव्हा २८ कुत्र्यांत हा जंत सापडला. पुढच्याच वर्षी त्यांनी साध्या भाषेत एक लहानशी पुस्तिका लिहिली आणि ती आइसलंडमध्ये घरोघर फुकट वाटण्यात आली. मेंढी कापल्यावर पुटी असलेले अवयव कुत्र्याला घालू नका, ते जाळा किंवा पुरा, असा तिचा सारांश होता. १८६९ मध्ये कुत्र्यांच्या संख्येवर निर्बंध घालणारा कायदा झाला. १८९० च्या कायद्याने कुत्र्यांना दरवर्षी जंताचे औषध देणे आणि पुटीयुक्त अवयव नष्ट करणे बंधनकारक केले. त्या काळी हायडॅटिडवर परिणामकारक औषध नव्हते, स्कॅन तर नव्हताच. तरीही एकदोन पिढ्यांत नवे रुग्ण येणे जवळजवळ थांबले.

न्यूझीलंडमध्ये १९५९ च्या कायद्याने देशव्यापी मोहीम सुरू झाली. कुत्र्यांना ठरावीक जागी एकत्र आणून जुलाब देत आणि विष्ठेची तपासणी करीत. या जुलाबाचे औषध होते अरेकोलीन. कोकणातील बागायतदारांना ऐकून नवल वाटेल, पण हे द्रव्य मुळात सुपारीत असते. पुढे प्राझिक्वांटेल हे अधिक चांगले औषध मिळाले आणि दर सहा आठवड्यांनी कुत्र्यांना औषध देण्याची पद्धत पडली. सहा आठवडेच का, याचे उत्तर वर आलेलेच आहे : त्या अवधीच्या आत औषध मिळाले तर जंताला अंडी देण्याची संधीच मिळत नाही. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्याने १९६० च्या दशकात हेच काम हाती घेतले. टास्मानिया १९९६ मध्ये आणि न्यूझीलंड २००२ मध्ये या रोगातून मुक्त झाल्याचे तात्पुरते जाहीर करण्यात आले.

या तारखांतून एक गोष्ट स्पष्ट होते. न्यूझीलंडला ४३ वर्षे लागली. पुटी वर्षानुवर्षे वाढते. आज जे मूल रुग्णालयात येते त्याला लागण कित्येक वर्षांपूर्वी झालेली असते. त्यामुळे आज खणलेल्या खड्ड्याचे फळ पंचायतीच्या एका मुदतीत दिसणार नाही. तरीही ते काम सातत्याने चालू ठेवणे हाच या मोहिमांचा खरा धडा होय.

आपल्याकडील परिस्थिती

आपला प्रदेश बेट नाही आणि आपल्याकडील कुत्र्यांपैकी बहुसंख्य कुत्र्यांना मालक नाही. त्यामुळे परदेशी मोहीम जशीच्या तशी येथे चालणार नाही. आपल्याकडे या रोगाचे चक्र कोठे तोडता येईल, हे पाहिले पाहिजे.

महाराष्ट्रात कत्तलखान्यांतील तपासण्यांत मेंढ्या-शेळ्यांपेक्षा गाई-बैल आणि म्हशी यांच्यात हायडॅटिड पुट्या अधिक आढळल्या आहेत. मेंढी-बोकड बहुधा कमी वयात कापले जातात. मोठे जनावर मात्र कित्येक वर्षे जगते, आणि पुटीला वाढायला अवधी मिळतो. म्हणून गावात म्हातारे जनावर मेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पूर्वी मेलेली जनावरे ओढून नेण्याचे काम जातीच्या आधारे एका समाजावर लादलेले होते. ती अन्यायी प्रथा त्या समाजाने झुगारून दिली हे योग्यच झाले. पण त्यानंतर हे काम साऱ्या गावाचे आहे असे मानून त्याची व्यवस्था अनेक ठिकाणी झाली नाही. जनावर माळावर किंवा ओढ्याकाठी टाकले जाते. एके काळी गिधाडे ते काही तासांत संपवीत. १९९० नंतर देशातील गिधाडे झपाट्याने घटली. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे ती मरत असल्याचे सिद्ध झाले आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. गिधाडांची जागा कुत्र्यांनी घेतली. गिधाडाच्या पोटात हा जंत वाढत नाही, कुत्र्याच्या पोटात वाढतो, हा दोहोंतील फरक आरोग्याच्या दृष्टीने फार मोठा आहे.

दुसरे स्थान म्हणजे मटणाची दुकाने आणि जत्रा, ऊरूस, देवकार्य अशा प्रसंगी उघड्यावर होणारी बोकड-मेंढ्यांची कत्तल. कलेजी आणि वजडी विकली जाते. पण ज्या काळजावर किंवा फुप्फुसावर पाण्याचे फोड दिसतात ते गिऱ्हाईक घेत नाही. खाटीक ते बाजूला टाकतो आणि वाट पाहणारी कुत्री ते उचलतात. जो तुकडा सर्वांत धोक्याचा, तोच नेमका कुत्र्याच्या वाट्याला येतो. तिसरे स्थान मेंढपाळांचे वाडे. दिवाळीनंतर घाटमाथा उतरून कोकणाकडे जाणाऱ्या धनगर बांधवांच्या कळपांत राखणीचे कुत्रे असणे अपरिहार्य आहे. त्यांना दोष देण्यापेक्षा वाटेवरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्यांच्या कुत्र्यांना औषध मिळेल अशी व्यवस्था करणे अधिक उपयोगी होईल.

कोणी काय करावे

ग्रामपंचायतीने गावठाणापासून आणि पाणवठ्यापासून दूर एक जागा मृत जनावरांसाठी मुक्रर करावी. जनावर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतके खोल पुरावे आणि वर दगड रचावेत. मटणाच्या दुकानदाराला झाकणाचा खड्डा किंवा बंद पिंप ठेवण्याची अट घालावी. जत्रेच्या नियोजनाच्या बैठकीत पाणी आणि दिवाबत्ती यांच्याबरोबर टाकाऊ अवयवांच्या खड्ड्याचाही विषय घ्यावा. खड्डा शक्य नसेल तेथे फोड असलेले काळीज वा फुप्फुस अर्धा तास चांगले उकळले तरी त्यातील जंतांची डोकी मरतात. मग ते कुत्र्याला घातले तरी धोका राहत नाही. हा उपाय एका पातेल्यात होण्यासारखा आहे.

पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी पाळीव कुत्र्यांना प्राझिक्वांटेल वर्षातून निदान चार वेळा देण्याचा सल्ला द्यावा. या औषधाने जंत मरतात, अंडी मरत नाहीत. म्हणून औषध दिल्यावर काही दिवस कुत्रा बांधून ठेवावा आणि त्याची विष्ठा पुरावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचे व लसीकरणाचे काम स्थानिक संस्थांकडे सोपवले आहे. कुत्रा त्या कामासाठी पकडलेला असतानाच जंताचे औषधही दिले, तर वेगळा खर्च फारसा होणार नाही. मेंढ्यांसाठी ईजी ९५ ही लस १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी शोधली असून अर्जेंटिना आणि चीनमध्ये तिचा वापर झाला आहे.

शिक्षकांकडे दोन कामे येतात. कुत्र्याला हात लावल्यावर आणि मातीत खेळल्यावर साबणाने हात धुणे, कच्ची भाजी व फळे धुऊन खाणे, कुत्र्याला तोंड चाटू न देणे या सवयी लावणे हे पहिले. दुसरे काम नजर ठेवण्याचे. डोकेदुखी मुलांना अनेक कारणांनी होते, घाबरण्याचे कारण नाही. परंतु डोकेदुखी आठवडेच्या आठवडे टिकली, सकाळी उलट्या होऊ लागल्या, फळ्यावरची अक्षरे दिसेनाशी झाली, एका हाताची पकड सुटू लागली किंवा फेफरे आले, तर पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यास सांगावे. फेफरे आलेल्या मुलाला भगताकडे नेण्यात जे महिने जातात, तेवढ्या काळात पुटी वाढते आणि डोळ्यांची दृष्टी जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे हायडॅटिड आणि त्याच्या जवळच्या प्रकाराने पीडित असलेल्यांची जगातील संख्या कोणत्याही वेळी दहा लाखांहून अधिक असते. त्यांतील मेंदूचे रुग्ण थोडेच आहेत आणि एखाद्या तालुक्याच्या नोंदवहीत वर्षानुवर्षे एकही सापडणार नाही. तेव्हा या कामाचे मोजमाप रुग्णांच्या आकड्यांवरून करता येणार नाही. गावात मृत जनावरांची जागा आहे की नाही, मटणाच्या दुकानामागचा खड्डा झाकलेला आहे की नाही, आणि गेल्या तीन महिन्यांत किती कुत्र्यांना औषध मिळाले, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत दर तिमाहीला घेतली गेली तरी पुरेसे आहे.